चोरलेल्या फोनची किंमत कशी उतरते?

१. चोर फोन कशासाठी नेतो?

फोन चोरीला गेला की एक प्रश्न हमखास विचारला जातो. फोन कोणत्या टॉवरखाली आहे हे कंपनीला कळते, त्यात कोणाचे सिम घातले आहे हेही कळते. मग चोरलेला फोन बंद का पाडता येत नाही? प्रश्न रास्त आहे. आज त्याचे उत्तर ‘बंद पाडता येतो’ असेच आहे, पण इथवर पोचायला सरकारांना आणि कंपन्यांना वीस वर्षांहून अधिक काळ लागला, आणि अजूनही काम पुरे झालेले नाही.

चोरटा फोन सहसा स्वतः वापरायला नेत नाही, विकायला नेतो. पंधरा-वीस हजारांचा फोन त्याला दोन-तीन हजारांत फुंकता आला तरी त्याचा दिवस भरतो. म्हणजे चोरी टिकून राहते ती गिऱ्हाइकाच्या बळावर. प्रत्येक बसथांब्यावर आणि बाजाराच्या प्रत्येक गल्लीत पोलीस उभा करणे कोणालाच शक्य नाही. मात्र चोरलेला फोन घेणाऱ्याच्या हाती निकामी ठरेल, अशी व्यवस्था करता येते. जगभरच्या सगळ्या उपायांचा गाभा हाच आहे.

त्यावर चोराची तोडही ठरलेली असते. फोनवर लागलेली बंदी जिथे पोचत नाही, तिथे तो न्यायचा. एके काळी त्यासाठी दुसऱ्या कंपनीचे सिम घालणे पुरत असे. पुढे दुसऱ्या राज्यात जावे लागले, आता देशाबाहेर. बेळगाव-निपाणी पट्ट्यातल्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. टिळकवाडीत आरपीडी क्रॉसला खिशातून गेलेला फोन दोन-अडीच तासांत निपाणीवरून कोल्हापुरात पोचतो, नाहीतर चोर्ला घाट उतरून गोव्यात. तीन राज्ये आणि तीन पोलीस दले, पण बाजारपेठ एकच.

२. फोनची ओळख: पंधरा आकडे

सिमकार्डावर फोन नंबर असतो आणि तो गिऱ्हाइकाचा असतो. यंत्राला स्वतःचा वेगळा क्रमांक असतो, त्याला आयएमईआय म्हणतात. बैल चोरणारा दावे तोडून नवे दावे बांधतो, पण कानातला बारा आकडी बिल्ला बैलाबरोबरच जातो. सिम म्हणजे ते दावे आणि आयएमईआय म्हणजे बिल्ला. चोराने सिम गटारात फेकले तरी नव्या सिमसह फोन चालू होताच तो आपला आयएमईआय टॉवरला कळवतो.

हा क्रमांक पंधरा आकडी असतो. पहिल्या आठ आकड्यांवरून फोनची जात कळते, म्हणजे कोणत्या कंपनीचे कोणते मॉडेल आहे ते. पुढचे सहा आकडे त्या एका फोनचा अनुक्रमांक. शेवटचा आकडा पडताळणीचा असतो आणि तो आधीच्या चौदांवरून काढता येतो. ४९०१५४२०३२३७५१ हे चौदा आकडे घ्यावेत. त्यांतला दर दुसरा आकडा दुप्पट करायचा आणि दुप्पट दोन आकडी झाली तर तिचे आकडे एकमेकांत मिळवायचे: ९ चे १८, त्याचे पुन्हा ९, ७ चे १४, त्याचे ५. आता सगळ्यांची बेरीज ५२ भरते. पुढची पूर्ण दहाई ६०, तिला ८ कमी पडतात, म्हणून पंधरावा आकडा ८. कोणी मनाला येईल तो क्रमांक ठोकून दिला तर बहुतेक वेळा या बेरजेतच तो उघडा पडतो.

दोन सिमच्या फोनला दोन आयएमईआय असतात. *#०६# दाबले की पडद्यावर दोन्ही दिसतात. खोक्यावरच्या पांढऱ्या चिकटपट्टीवर ते छापलेले असतात आणि दुकानदार सहसा बिलावरही घालतो. अडचण अशी की खोके दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जाते आणि थर्मल कागदावरचे बिल वर्षभरात इतके पुसट होते की त्यावर दुकानाचे नावही वाचता येत नाही. फोन हातात आहे तोवरच बिलाचा आणि चिकटपट्टीचा फोटो काढून तो घरातल्या दुसऱ्या कोणाच्या फोनवर पाठवून ठेवावा. पुढची सगळी यंत्रणा याच दोन क्रमांकांवर चालते. ते नसतील तर पोलिसांना आणि कंपनीला इच्छा असूनही फार थोडे करता येते.

३. काळी यादी आणि तिचे भोक

मोबाइल कंपनीकडे आयएमईआयची नोंदवही असते. फोन जाळ्यात शिरू पाहतो तेव्हा कंपनीची यंत्रणा त्याचा क्रमांक या वहीत शोधते. तो काळ्या यादीत असेल तर सिम चांगले असूनही त्या यंत्राला प्रवेश मिळत नाही. डिजिटल मोबाइलच्या सुरुवातीपासून ही सोय आराखड्यात होती, पण बऱ्याच कंपन्यांनी ती वापरलीच नाही. जिथे वापरली तिथे प्रत्येकीची यादी वेगळी. एका कंपनीने बंद केलेला फोन शेजारच्या कंपनीच्या सिमवर बिनधास्त चाले.

ब्रिटनला याचा चटका आधी बसला. तिथे २००१च्या सुमारास शाळकरी मुलांचे फोन हिसकावण्याचे प्रकार इतके वाढले की २००२ साली कंपन्यांना आपल्या याद्या एकत्र कराव्या लागल्या. त्याच वर्षी संसदेने आयएमईआय बदलणे हा गुन्हा ठरवणारा कायदा केला आणि त्याला पाच वर्षांपर्यंतची कैद ठेवली. या दोन गोष्टी एकत्र केल्या हे महत्त्वाचे. नुसती यादी केली असती तर चोरांनी क्रमांक बदलायला घेतले असते, आणि नुसत्या कायद्याने फोन काही बंद पडला नसता.

भारतात पहिले पाऊल सुरक्षेच्या काळजीपोटी पडले. मुंबईवरच्या २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यानंतर ओळख नसलेल्या फोनांचा प्रश्न ऐरणीवर आला. तेव्हा बाजारात आयएमईआय नसलेले किंवा पंधराही शून्ये असलेले स्वस्त आयात फोन लाखांनी होते. १ डिसेंबर २००९पासून अशा फोनांची सेवा बंद करण्यात आली. प्रामाणिक गिऱ्हाइकाचे नुकसान होऊ नये म्हणून १९९ रुपयांत फोनमध्ये खरा आयएमईआय घालून देणारी केंद्रे निघाली होती. आज हे चमत्कारिक वाटेल, पण प्रत्येक यंत्राला स्वतःचा क्रमांक असल्याखेरीज पुढची पायरी चढताच आली नसती.

२०१२च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणात चोरीच्या आणि क्रमांक बदललेल्या फोनांसाठी देशव्यापी नोंदवही करण्याचे लिहिले गेले. पाच वर्षे ते कागदावरच राहिले. या दिरंगाईचे समर्थन करणे अवघड आहे, कारण याच काळात साधे फोन जाऊन लोकांच्या खिशात बँक, फोटो आणि ओळखपत्रे एकाच यंत्रात आली.

४. एक देश, एक यादी

२०१७ साली महाराष्ट्रात चाचणी घ्यायचे ठरले आणि काम बीएसएनएलच्या पुण्यातल्या माहिती तंत्रज्ञान विभागाकडे आले. पुढे ते सी-डॉट या सरकारी संशोधन संस्थेकडे गेले. बेळगाव जिल्ह्याला ही संस्था परकी नाही. सी-डॉटने खेड्यांसाठी बनवलेले पहिले टेलिफोन एक्स्चेंज १९८६ साली बसले ते कित्तूरला. उन्हाळ्यात वातानुकूलनाशिवाय चालणाऱ्या त्या छोट्या एक्स्चेंजांनी गावोगाव टेलिफोन नेला. त्याच संस्थेने आता चोरलेल्या मोबाइलची देशव्यापी वही बांधली. तिचे नाव सीईआयआर, म्हणजे उपकरणांच्या ओळखीची केंद्रीय नोंदवही.

१३ सप्टेंबर २०१९ रोजी मुंबईत ही सेवा सुरू झाली आणि डिसेंबरअखेर दिल्लीत. देशभर लागू होण्याआधी ती दिल्ली, महाराष्ट्र, कर्नाटक आणि ईशान्य भारतात चालवून पाहण्यात आली. दूरसंचार खात्याच्या हिशेबात गोवा महाराष्ट्राच्याच परिमंडळात मोडतो. त्यामुळे बेळगाव, कोल्हापूर आणि पणजी ही तिन्ही टोके उरलेल्या देशाच्या आधी या वहीखाली आली. मे २०२३मध्ये ‘संचार साथी’ या संकेतस्थळाबरोबर सेवा सर्व राज्यांत खुली झाली. तोवर एकट्या कर्नाटक पोलिसांनी अडीच हजारांहून अधिक फोन मालकांना परत केले होते.

यंत्रणेचे काम तीन टप्प्यांत चालते. फोन गेल्याची नोंद झाली की त्याचा आयएमईआय सर्व कंपन्यांच्या काळ्या यादीत जातो. साधारण २४ तासांत देशातल्या कोणत्याही सिमवर त्या यंत्राला फोन लावता येत नाही की इंटरनेट मिळत नाही. नंतर कोणी त्यात सिम घातले तर ते कोणाच्या नावावर आहे आणि कोणत्या भागात चालू झाले, याची माहिती पोलिसांकडे जाते आणि फोनचा माग लागल्याचा निरोप मालकाला मिळतो. फोन परत आला की मालकाने नोंद करताना मिळालेला विनंती क्रमांक घालून बंदी उठवायची. हा तिसरा टप्पा विसरणारे पुष्कळ असतात आणि मग हाती आलेला आपलाच फोन चालत का नाही, म्हणून दुकानाच्या खेपा घालत राहतात.

५. टिळकवाडी ते कोल्हापूर: एका फोनचा प्रवास

समजा, आरपीडी क्रॉसला संध्याकाळच्या गर्दीत बसमध्ये चढताना एका कॉलेजच्या मुलीच्या पिशवीतून फोन गेला. तिसऱ्या रेल्वे गेटपर्यंत पोचेतो तिच्या ध्यानात आले. मैत्रिणीच्या फोनवरून रिंग दिली तर फोन बंद. चोरट्याने तो आधीच बंद करून सिम काढून टाकलेले असते. ती टिळकवाडी पोलीस ठाण्याची पोच घेऊन सीईआयआरवर नोंद करते.

फोन दोन दिवसांनी निपाणीत एकाच्या हाती जातो, तिथून कोल्हापुरात. तिथे एक कामगार बिलाशिवाय तो चार हजारांना घेतो, कारण नव्याला पंधरा हजार पडतात आणि विकणारा ‘भावाचा फोन आहे’ म्हणतो. कामगार आपले सिम घालतो. कोल्हापूरच्या टॉवरला आयएमईआय मिळतो, तो काळ्या यादीत सापडतो आणि सेवा नाकारली जाते. त्याच वेळी नोंद टिळकवाडी पोलीस ठाण्याकडे रवाना होते.

पूर्वी याच जागी माग तुटत असे. बेळगावच्या ठाण्याने कंपनीला पत्र लिहायचे, कंपनीने कर्नाटक परिमंडळापुरते बघायचे, आणि फोन महाराष्ट्राच्या परिमंडळात सुखाने चालत राहायचा. आता ठाण्याच्या पडद्यावर सिमधारकाचा नंबर दिसतो. पुष्कळदा काम एका फोनवर भागते: पोलीस त्या कामगाराला फोन करून सांगतात की हा चोरीचा माल आहे, जवळच्या ठाण्यात जमा करा किंवा कुरिअरने पाठवा. बहुतेक जण घाबरून पाठवतात. त्या कामगाराचे चार हजार मात्र बुडतात. चोरीचे पीडित म्हणून मालकाचेच नाव घेतले जाते. असा खरेदीदार कोणत्याच आकडेवारीत येत नाही, पण मार त्यालाही बसलेला असतो.

दर वेळी शेवट असा गोड होत नाही. २०२५च्या अखेरीस सरकारने दिलेल्या आकड्यांनुसार देशात सुमारे ४२ लाख फोन बंद करण्यात आले, सुमारे २६ लाखांचा माग लागला आणि मालकाच्या हाती परत गेले सात लाखांच्या आसपास. माग लागलेल्या चारांपैकी जेमतेम एक घरी आला. यंत्राचे काम यंत्राने केले. पुढचे काम माणसांचे आहे आणि माणसे थोडी आहेत. एका शिपायापुढे शंभर फोनांची यादी, त्यातले निम्मे दुसऱ्या राज्यात, आणि एका आठ हजारांच्या फोनसाठी परराज्यात पथक पाठवायला कोणताही निरीक्षक सहज तयार होत नाही. ज्या जिल्ह्यांनी या कामाला दोन माणसे कायमची दिली तिथे परतीचे प्रमाण चांगले असते. सरकारने आता पैसा आणि मनुष्यबळ घालायचे ते इथे.

६. ‘हरवला’ की ‘चोरीला गेला’?

ठाण्यात गेल्यावर पहिला सवाल येतो तो हाच, आणि त्याचे उत्तर पुढच्या सगळ्यावर परिणाम करते. कर्नाटक पोलिसांची ‘ई-लॉस्ट’ ही सोय हरवलेल्या वस्तूंसाठी आहे. घरबसल्या अर्ज भरून पोच मिळते आणि तिच्यावर नवे सिम घेता येते, सीईआयआरवर नोंदही करता येते. फोन रिक्षात विसरला असेल तर एवढे पुरेसे आहे.

मात्र खिशातून काढला असेल, हातातून हिसकावला असेल तर तो गुन्हा आहे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरी कलम ३०३मध्ये आहे, आणि हिसकावून नेणे कलम ३०४मध्ये प्रथमच स्वतंत्र गुन्हा म्हणून आले आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. चोरीचा माल जाणूनबुजून बाळगणे कलम ३१७मध्ये येते. चोरीची नोंद ‘हरवला’ म्हणून झाली की फोन कदाचित परत येईल, पण चोरटा कागदावरून नाहीसा होतो. त्याच थांब्यावर महिनाभरात दहा फोन गेले हेही मग कोणाच्या लक्षात येत नाही. ठाण्याला आकडे कमी दिसणे सोयीचे असते आणि तक्रारदाराला खेपा नको असतात, म्हणून दोघांच्या संमतीने ही पळवाट रूढ झाली आहे. ती बंद व्हायला हवी. विमा उतरवलेला असेल तर कंपनी बहुधा गुन्ह्याची नोंद मागतेच.

सीमाभागात आणखी एक पेच पडतो. कोल्हापूर-बेळगाव एसटीत फोन गेला, तो कागलला गेला की निपाणीला की संकेश्वरला, कोण सांगणार? टिळकवाडी ठाणे बेळगाव शहर पोलीस आयुक्तालयात येते, निपाणी जिल्हा पोलिसांकडे आणि कागल थेट महाराष्ट्रात. अशा वेळी ‘तिकडे जा’ हे उत्तर कायद्याला धरून नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३नुसार गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात तो नोंदवता येतो; ठाण्याने तो पुढे योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. ई-मेलसारख्या मार्गाने तक्रार दिली तर तीन दिवसांत सही करावी लागते.

७. पहिला अर्धा तास

फोनच्या किमतीपेक्षा आतल्या खात्यांची किंमत आता जास्त असते, म्हणून क्रमाला महत्त्व आहे. सिम आधी बंद केले तर फोनचे इंटरनेट तुटते आणि दूरवरून दिलेली कुलपाची आज्ञा त्याच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून जवळच्या कोणाच्याही फोनवरून प्रथम कुलूप लावायचा प्रयत्न करावा, दोन मिनिटांत जमले नाही तर त्यात न अडकता सिम बंद करावे. लगोलग बँकेला कळवून यूपीआय थांबवावे. पैसे गेलेच असतील तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी, कारण पहिल्या काही तासांतच पैसे वाटेत अडवता येतात.

चोरटे पुष्कळदा फोनला हातही लावत नाहीत. सिम काढून आपल्या फोनमध्ये घालतात आणि बँकेचे ओटीपी मिळवतात. यावर जुना आणि फुकटचा इलाज आहे तो सिमच्या पिनचा. सेटिंगमध्ये एकदा तो चालू केला की सिम दुसऱ्या फोनमध्ये घातल्यावर पिन मागते; तीनदा चुकले की सिम अडकते. ही सोय सिमकार्डाइतकीच जुनी आहे, पण वापरणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

सीईआयआरवर नोंद करायला त्याच नंबरचे नवे सिम आधी घ्यावे लागते, कारण ओटीपी त्यावर येतो. नव्याने घेतलेल्या सिमवर २४ तास एसएमएस येत नाहीत, हे माहीत नसल्याने लोक संकेतस्थळ बिघडले असे समजतात. दोन्ही आयएमईआय, पोलिसांची पोच, बिल आणि ओळखपत्र हाताशी ठेवावे. एकच आयएमईआय भरला तर दुसऱ्या सिमची फट उघडी राहू शकते.

८. बिल्ला बदलणारे

काळी यादी पक्की झाली की चोरांचा मोर्चा क्रमांकाकडेच वळतो. काही फोनांचा आयएमईआय संगणकाला जोडून बदलता येतो आणि त्या जागी एखाद्या बिनचोरीच्या फोनचा क्रमांक घालतात. २०२०मध्ये मेरठ पोलिसांच्या तपासात एकाच आयएमईआयवर देशभरात १३ हजारांहून अधिक फोन चालत असल्याचे उघड झाले. असा क्रमांक काळ्या यादीत टाकला तर हजारो निरपराधांचे फोन एका फटक्यात बंद पडतील. म्हणून खोटे क्रमांक हा सगळ्या व्यवस्थेच्या मुळावर येणारा रोग आहे.

सरकारने त्याला दोन बाजूंनी घेरले. ऑगस्ट २०१७च्या नियमांनी आयएमईआयमध्ये फेरफार हा तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा झाला. २०२३च्या दूरसंचार कायद्यात कैद तेवढीच राहून दंड ५० लाख रुपयांपर्यंत गेला आणि गुन्हा अजामीनपात्र झाला. दुसरीकडे १ जानेवारी २०२३पासून भारतात बनणाऱ्या किंवा आयात होणाऱ्या प्रत्येक मोबाइलचा आयएमईआय विक्रीआधी सरकारी संकेतस्थळावर नोंदवणे बंधनकारक झाले. त्यामुळे अस्सल क्रमांक कोणते याचीही यादी तयार होत चालली आहे.

९. कंपन्यांनी लावलेले कुलूप

काळी यादी फोनला मोबाइलच्या जाळ्याबाहेर ठेवते, पण वायफायवर तो चालतो. त्यापुढचे कुलूप फोन बनवणाऱ्यांनाच लावता येते आणि ते त्यांनी आपखुशीने लावले नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याचे अॅटर्नी जनरल एरिक श्नायडरमन आणि सॅन फ्रान्सिस्कोचे जिल्हा वकील जॉर्ज गॅस्कोन यांनी जून २०१३मध्ये कंपन्यांवर दबाव आणणारी मोहीम सुरू केली. हरवलेले फोन पुन्हा विकत घेतले जातात यात कंपन्यांचाच फायदा आहे, हा त्यांचा उघड आक्षेप होता.

सप्टेंबर २०१३मध्ये अॅपलने आयफोनमध्ये असे कुलूप आणले की फोन पूर्ण पुसला तरी मालकाच्या खात्याचा पासवर्ड दिल्याशिवाय तो सुरूच होत नाही. मिनेसोटा आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी २०१४मध्ये असे कुलूप सक्तीचे करणारे कायदे केले आणि २०१५मध्ये अँड्रॉइडमध्येही ते आले. परिणाम लगेच दिसला. अॅपलच्या कुलपानंतरच्या वर्षभरात आयफोनच्या चोऱ्या न्यूयॉर्कमध्ये २५ टक्क्यांनी, सॅन फ्रान्सिस्कोत ४० टक्क्यांनी उतरल्या. विकत घेणारा उरला नाही की चोरी ओसरते, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचित मिळतो.

मग चोरांनी पासवर्डच चोरायला घेतला. गर्दीत मागे उभे राहून आकडे पाहायचे आणि मग फोन उचलायचा. त्यावर जानेवारी २०२४मध्ये अॅपलने अशी सोय दिली की अनोळखी जागी महत्त्वाचे बदल करायला चेहरा किंवा बोटाचा ठसा लागतो आणि खात्याचा पासवर्ड बदलायला तासभर थांबावेही लागते. त्याच वर्षी गूगलने हिसका ओळखणारे कुलूप आणले: फोन हातातून झटकन ओढला जाऊन वेगाने लांब गेल्याचे लक्षात येताच पडदा बंद होतो. अँड्रॉइडवर नुसत्या फोन नंबरवरूनही दूरवर कुलूप लावता येते. या सोयी अनेक फोनांत आधी स्वतः चालू कराव्या लागतात. कारखान्यातूनच त्या चालू होऊन आल्या असत्या तर लाखो लोकांचा त्रास वाचला असता.

१०. देशाबाहेर आणि सुट्या भागांत

दोन वाटा अजून उघड्या आहेत. भारताची काळी यादी भारतातल्या कंपन्यांनाच बांधते. मुंबई पोलिसांनी पकडलेल्या अनेक टोळ्यांच्या तपासात चोरलेले फोन नेपाळ आणि बांगलादेशात जात असल्याचे दिसले आहे. ही अडचण गरीब देशांचीच आहे असेही नाही. लंडन पोलिसांनी २०२५मध्ये उघड केलेल्या टोळीवर सुमारे ४० हजार फोन चीनकडे धाडल्याचा संशय आहे. देशादेशांनी याद्या एकमेकांना देण्याची सोय मोबाइल कंपन्यांच्या जागतिक संघटनेने केली आहे, पण त्या यादीवरून फोन बंद करायचा की नाही हे प्रत्येक देशाच्या हाती आहे.

दुसरी वाट सुट्या भागांची. पूर्ण फोन विकता आला नाही तरी पडदा, कॅमेरा आणि बॅटरी विकली जाते. २०२४च्या आयफोन प्रणालीत महत्त्वाचे भागही मालकाच्या खात्याला बांधले गेले आहेत. याची दुसरी बाजू अशी की प्रामाणिक दुरुस्ती करणाऱ्या कारागिराच्या हातालाही कुलूप बसते.

११. सरकारी अॅपची सक्ती

संचार साथीचे अॅप जानेवारी २०२५मध्ये आले आणि ते मराठी, कन्नडसह अनेक भारतीय भाषांत आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर दूरसंचार खात्याने प्रत्येक नव्या फोनमध्ये ते आधीच घालून देण्याचा आदेश काढला. गिऱ्हाइकाला न विचारता सरकारी अॅप फोनमध्ये बसवणे म्हणजे पाळतीला दार उघडणे, अशी टीका झाली आणि ३ डिसेंबर २०२५ रोजी सक्ती मागे घेण्यात आली. ते योग्यच झाले. चोरी रोखणारी नोंदवही कंपन्यांच्या यंत्रणेत चालते. तिला प्रत्येकाच्या फोनमध्ये शिरण्याची गरज नाही. अॅप ज्याला सोयीचे वाटेल त्याने घ्यावे; तीच नोंद संकेतस्थळावरूनही होते.

१२. जुना फोन घेताना

ऑक्टोबर २०२५मध्ये झालेल्या नियमदुरुस्तीने जुने फोन घेणाऱ्या-विकणाऱ्या व्यावसायिकांवर आयएमईआय सरकारी यादीत तपासण्याची जबाबदारी आली. खडेबाजारातला दुकानदार असो की निपाणीच्या स्टँडजवळचा, आता ‘मला माहीत नव्हते’ हे त्याचे उत्तर पुरणार नाही.

गिऱ्हाइकालाही ही तपासणी स्वतः करता येते. केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरे, मग एक जागा सोडून पंधरा आकडी आयएमईआय, असा संदेश १४४२२ या क्रमांकावर पाठवला की फोनची कंपनी, मॉडेल आणि स्थिती कळते. ‘काळ्या यादीत’, ‘दुहेरी’ किंवा ‘आधीच वापरात’ असे उत्तर आले तर तो फोन घेऊ नये. पडद्यावरचा, खोक्यावरचा आणि बिलावरचा आयएमईआय एकच आहे ना, ते पाहावे. विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत घ्यावी. फोन त्याच्या खात्यातून मोकळा करून, पूर्ण पुसून, आपल्या सिमवर समोरच सुरू करून घ्यावा आणि मगच पैसे द्यावेत.